टोप, पातेलं, भगुलं, गंज : मालवण ते वडसा

बोली ऐकायला निघालेल्या माणसाला पहिला अडथळा होतो तो त्याच्या वहीचा. वही उघडली की समोरचा माणूस सावरून बसतो आणि शाळेत शिकलेली मराठी बोलू लागतो. ‘तुमच्याकडे तण काढण्याला काय म्हणतात?’ असं विचारलं तर ‘तण काढणंच म्हणतात की,’ असं उत्तर येतं. प्रश्नातच शब्द घालून दिल्यावर दुसरं काय येणार? म्हणून शब्दांची यादी घरीच ठेवावी आणि वस्तूंची, कामांची यादी सोबत घ्यावी. फोटो दाखवायचा आणि गप्प बसायचं. किंवा चूल, खळं, बाजार अशा जागी जाऊन चाललेलं बोलणं ऐकायचं.

हा रस्ता मालवणहून कोल्हापूर, सोलापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ असा पूर्वेला सरकत झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाच्या भातपट्ट्यात, वडशाला संपतो. कोल्हापूरच्या पुढे बराचसा प्रवास रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या अंगाने होतो. पाच गोष्टी सगळ्या वाटेवर तपासायच्या. शेताला काय म्हणतात, तण काढण्याला काय, भाजी शिजते त्या भांड्याला काय, ‘आत्ता काय करताय?’ याचं उत्तर कोणत्या क्रियापदात येतं आणि ‘ळ’चं काय होतं. एवढ्यावर लक्ष ठेवलं तरी बाकीचे शब्द मागून येतात.

काळ डिसेंबरअखेर ते जानेवारीचा चांगला. कोल्हापूरची गुऱ्हाळं चालू असतात, सोलापूरकडे हुरडा असतो, लातूरला वेळ अमावस्या याच सुमारास येते आणि झाडीपट्टीतली नाटकं रंगात असतात. तोटा एकच. भाताची लावणी, चिखलणी, निंदणी ही पावसाळी कामं दिसत नाहीत. त्यांचे फोटो मोबाइलमध्ये हवेत. रोपं उपटणारी बाई, चिखलात चाललेलं औत, बैलाचं कोळपं, शेताच्या कडेचा मातीचा उंचवटा, असे दहा-पंधरा फोटो पुरतात.

एसटीचा ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ हा पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. सातचा घ्यावा, म्हणजे मध्येच उतरून पुढची गाडी पकडायला मन कचरत नाही. थेट जाणाऱ्या जलद गाडीपेक्षा आठवडी बाजाराला जाणारी तालुक्याची गाडी केव्हाही उत्तम. मात्र चालक-वाहकांच्या बोलण्यावरून त्या मुलखाचा अंदाज बांधू नये, ते बदली होऊन कुठूनही आलेले असतात.

पहिला दिवस : कुडाळ, मालवण

कोकण रेल्वेने कुडाळला उतरून एसटीने मालवण गाठावं. बंदरावर मासळीचा लिलाव चालू असेल तर तिथून सुरुवात करावी. सुरमईला इथे इसवण म्हणतात, कोळंबीला सुंगटां, शिंपल्यांना तिसरे. मुंबईत मुशी म्हणून विकतात ती मोरी. बांगडा मात्र बांगडो होतो, आणि इथूनच पाहुण्यांची चूक सुरू होते. मालवणी म्हणजे सगळ्या शब्दांना ‘ओ’ लावायचा असा समज करून घेतात. ‘ओ’ येतो तो प्रमाण मराठीत ‘आ’ने संपणाऱ्या पुल्लिंगी शब्दांना: आंबो, घोडो, बांगडो, माझो. नपुंसकलिंगी एकवचनात ‘आं’ येतो: केळां, खळां, माझां. ‘घर’ घरच राहतं, ‘माड’ माडच राहतो. ‘चेडू’ म्हणजे मुलगी, पण शब्द नपुंसकलिंगी, म्हणून ‘माझां चेडू’.

क्रियापद ऐकण्यासारखं आहे. ‘मी जातंय’ हे बाप्याही म्हणतो आणि बाईही. ‘तू खंय जातंस?’, ‘तो जाता’, ‘ती जाता’. ‘करायला, जायला’च्या जागी ‘करूक, जावक’. ‘मला, तुला’च्या जागी ‘माका, तुका’. हे सगळं गोव्याच्या कोकणीला इतकं लागून आहे की नवख्याला दोन्ही एकच वाटतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे बोलणारा स्वतःला काय म्हणतो ती. ‘मी’ म्हणाला तर मालवणी, ‘हांव’ म्हणाला तर कोकणी.

दुपारी बाजारातून वाडीत जावं, कारण घरादाराचे शब्द तिथेच मिळतात. घरासमोरची सारवलेली मोकळी जागा म्हणजे खळां. हा शब्द ध्यानात ठेवावा, पुढे सोलापूरला तो वेगळा अर्थ घेऊन भेटतो. घरापासून थोडं बाजूला गुरांसाठी, गवतासाठी बांधलेली झोपडी म्हणजे मांगर. ओढ्याला व्हाळ, दोन गडग्यांमधल्या, म्हणजे दगडी कुंपणांमधल्या, वाटेला पाणंद. भाताच्या छोट्या तुकड्याला कुणगो, त्याच्या बांधाला मेर, रोपांना तरवो आणि तण काढण्याला बेणणी. ‘रानात गेलो’ म्हणजे इथे जंगलात गेला, लाकूडफाटा आणायला. हाही शब्द पुढे फसवतो. स्वयंपाकघरात मासळीचं कालवण टोपात शिजतं. ‘निस्त्याक काय?’ या प्रश्नाला उत्तर माशाचं द्यायचं असतं.

वडीलधाऱ्या पुरुषाला हाक मारताना ‘काकानू’, ‘मामानू’ असा ‘नू’ लागतो. तो आदराचा आहे. ‘मेल्या’ हे सलगीचं आहे, ते घरच्यांनाच शोभतं. बाहेरच्याने गंमत म्हणून वापरू नये. तसंच ‘येवा, कोकण आपलाच आसा’ हे वाक्य पाट्यांवर इतकं झिजलं आहे की ते बोलून दाखवणारा पर्यटक लांबूनच ओळखू येतो. एखाद्या देवळात गाऱ्हाणं घालताना ऐकायला मिळालं तर वेळापत्रक मोडून थांबावं. पुजारी किंवा मानकरी एकेक मागणं मोठ्याने म्हणतो आणि जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तिथे कुणी प्रमाण भाषेकडे वळत नाही, कारण बोलणं तुमच्याशी नसतं, देवाशी असतं.

दुसरा दिवस : फोंडा घाट, राधानगरी, कोल्हापूर

कणकवलीवरून फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे कोल्हापूरला जावं. आंबोलीचा किंवा गगनबावड्याचा रस्ताही आहे, पण शब्दांसाठी हा बरा. घाट चढला की भाषा बदलते असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. घाटमाथ्यावर आणि राधानगरीच्या पट्ट्यातही भातच पिकतं, म्हणून भाताचे शब्द घाटाला जुमानत नाहीत. मालवणचा तरवो इथे तरवा होतो, एवढंच. शेवटचा स्वर बदलला, शब्द तोच. याउलट क्रियापद लगेच बदलतं. नामं पिकाबरोबर चालतात, क्रियापदं सोयरिकीबरोबर. लेकीबाळी जिथवर द्यायच्या-घ्यायच्या तिथवर एक बोलणं, हे या सगळ्या वाटेवर पडताळून पाहता येतं. घाटाखालच्या आणि घाटावरच्या गावांत पूर्वी सोयरीक कमी, म्हणून ‘जातंय’ खाली राहिलं.

कोल्हापुरात ‘काय करालाईस?’ असं विचारतात आणि ‘जेवालोय’, ‘करालोय’ असं उत्तर येतं. बाहेरच्याला सर्वांत चमकवणारी गोष्ट म्हणजे बायका आणि मुलीही ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. हे चुकून नव्हे, कुणाची नक्कलही नव्हे. घरात आजीपासून तसंच चालत आलेलं असतं. शाळेत जाऊन ‘मी जाते’ शिकलेल्या मुली घरी आल्या की पुन्हा ‘जातो’वर येतात. तुमच्यासमोर त्या ‘जाते’ म्हणतील, फोनवर आईशी बोलताना ‘जातो’ म्हणतील. ते ऐकावं आणि त्यावर शेरा मारू नये. एकदा शेरा मारला की पुढचं सगळं बोलणं पुस्तकी होतं.

‘रानात गेलाय’ म्हणजे इथे शेतात गेलाय. तण काढणं म्हणजे भांगलण, आणि तिला जाणाऱ्या बायका ‘भांगलायला’ जातात. टोपली म्हणजे बुट्टी, हा शब्द कानडीच्या शेजारातला. गोवऱ्यांना शेणी. चपातीला चपातीच म्हणतात. ‘पोळी’ मागितली तर पुरणपोळी समजतील. भाकरीबरोबरच्या पातळ भाजीला कोरड्यास म्हणतात, नाव कोरडं आणि पदार्थ ओला. चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून कुटलेलं लाल तिखट. ‘चटणी कमी घाला’ याचा अर्थ ताटातली ओली चटणी नको असा होत नाही, रस्सा कमी तिखट करा असा होतो. खाणावळीत हे ठाऊक नसलेला माणूस डोळ्यांत पाणी आणून जेवतो.

संध्याकाळ शहरात घालवण्यापेक्षा करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातलं एखादं गुऱ्हाळ गाठावं. एका कामाचे इतके शब्द एका जागी क्वचित सापडतात. भट्टी म्हणजे चुलवाण. रस उकळतो ती उथळ, रुंद कढई म्हणजे काहील. एका वेळी काहिलीत चढवलेला रस म्हणजे एक आदण, आणि दिवसाचं काम आदणांत मोजतात. चुलवाणात वाळलेली चिपाडं सारणारा जळव्या. उसाचा रस निवळायला रानभेंडीचं पाणी घालतात, मग वर फेस येतो ती मळी; ती झाऱ्याने सतत काढावी लागते, नाहीतर गुळाला काळपट रंग येतो. पाक झाला की नाही हे ठरवणारा गुळव्या. तो थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळवून बघतो. काहील चुलवाणावरून उतरवण्याचा क्षण त्याच्याच हातात असतो. उशीर झाला तर गूळ करपतो, घाई झाली तर गूळ घट्ट न होता चिकट राहतो. गुळाच्या आधीच्या पायरीवर थांबवलेला पातळ पाक म्हणजे काकवी. साच्यातून निघणारा गुळाचा गट्टू म्हणजे रवा, लाडवाच्या रव्याशी त्याचा संबंध नाही. गुऱ्हाळावर प्रश्न विचारायचे ते आदण उतरल्यावर आणि पुढचं चढण्याआधी. उकळत्या काहिलीच्या वेळी विचारलं तर कुणी उत्तर देत नाही, आणि देऊही नये.

‘नाद खुळा’, ‘काटा किर्र’, ‘जाळ अन् धूर संगटच’ ही वाक्यं टी-शर्टवर मिळतात. ती खोटी नाहीत, पण तरुणांनी दाखवायला ठेवलेली आहेत. साठीच्या पुढच्या बाईने ‘काय पाव्हणं, कुठल्या गावचं?’ असं विचारलं तर ती खरी मिळकत.

तिसरा दिवस : मंगळवेढा, सोलापूर

मिरज, सांगोला मागे पडतात तसतसं ऊस-भाताचं राज्य सरतं आणि ज्वारी सुरू होते. भाताचे शब्द इथे संपतात. तरवा हा शब्द मंगळवेढ्यात बोलून उपयोग नाही, कारण भाताची लावणीच नाही. त्याऐवजी तिफण, चाडं, कुळव, कोळपं हे शब्द कामाचे. तिफण म्हणजे तीन दात्यांचं पेरणीचं औजार, चाडं म्हणजे तिच्यावरचं बी सोडायचं भांडं. कुळवाने जमीन मोकळी होते. कोळपं पिकाच्या दोन ओळींमधलं तण मारतं. ओळीतलं उरलेलं तण हाताने काढायचं ती खुरपणी. काल भांगलण होती ती आज खुरपणी झाली, औजार मात्र दोन्हीकडे खुरपंच.

मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी प्रसिद्ध, पण हुरड्याला मालदांडीपेक्षा गुळभेंडी किंवा सुरतीसारखं मऊ, गोड दाण्याचं कणीस लागतं. जमिनीत उथळ खड्डा करून त्यात गवऱ्या पेटवतात, ती आगटी. कोल्हापूरची शेणी इथे गवरी झाली. गवऱ्यांचा धूर जाऊन निखारे झाले की कणसं त्यात खुपसायची, फिरवायची, आणि गरम असतानाच हातावर चोळून दाणे काढायचे. दाणा दुधाळ असला तर चोळताना फुटतो, जून झाला तर चाववत नाही. मधले आठ-दहा दिवसच हुरड्याचे. आगटीभोवती बसलेली माणसं तासभर उठत नाहीत, हात कामात असतात आणि बोलणं मोकळं होतं.

खळं हा शब्द इथे धान्य मळायच्या जागेला आहे, अंगणाला नव्हे. कोकणातही त्याच सारवलेल्या जागेवर भात झोडतात, म्हणून मूळ एकच. पण मालवणकर ‘खळ्यात बसूया’ म्हणाला तर गप्पांसाठी, आणि इकडचा माणूस म्हणाला तर राखणीसाठी.

सोलापूर शहरात कान थोडे गोंधळतात. घरी कानडी किंवा तेलुगू, गल्लीत दखनी हिंदी आणि बाजारात मराठी बोलणारी माणसं खूप. विणकरांच्या वस्तीत तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कानडी. इथल्या मराठीत आग्रहाचा ‘की’ सारखा येतो: ‘बसा की’, ‘खा की’. ‘काय बे’ हे मित्रामित्रांचं. अनोळखी माणसाला, वयाने मोठ्याला तर नाहीच. (हाच ‘बे’ थेट नागपुरात पुन्हा भेटतो, तिथेही नियम तोच.) स्वयंपाकाचं भांडं कुणाच्या घरी पातेलं, कुणाच्या घरी भगुलं. अशा दुहेरी ठिकाणी ‘तुमचं माहेर कुठलं?’ हा प्रश्न विचारावाच. भगुलं म्हणणारी सून बऱ्याचदा पूर्वेकडून आलेली निघते. गावाचं नाव लिहून माहेर लिहायचं राहिलं तर ती नोंद फसवी ठरते, आणि शब्दांच्या नोंदींत सर्वांत जास्त वेळा हीच चूक होते.

चौथा दिवस : तुळजापूर, औसा, लातूर

तुळजापूर ओलांडून औशाच्या वाटेला लागलं की बसमध्ये ‘करूलालो’, ‘जाऊलालो’ कानावर पडू लागतं. ‘काय करूलालास?’, ‘लेकरू रडूलालंय’. हा धाराशिव-लातूरचा शिक्का. मोबाइलवर बोलणारा प्रवासी सर्वांत चांगला, कारण फोनवरचं बोलणं आपोआप घरचं होतं. मूल म्हणजे लेकरू, आई म्हणजे माय, आणि ‘माय’ हाकेसाठीच नव्हे, आश्चर्यासाठीही.

बाजारात फळांपासून सुरुवात करावी. पेरूला इथे जांब म्हणतात. कोकणातला माणूस जांब मागायला गेला तर त्याच्या मनात पांढरं, पाणीदार, कुरकुरीत फळ असतं आणि हातात पेरू पडतो. कलिंगडाला टरबूज. भांडं आता नक्कीच भगुलं.

दिवस वेळ अमावस्येचा साधला तर बाकी सगळं सोडावं. मार्गशीर्षातली ही अमावस्या. लोक बोलताना येळवस म्हणतात. लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागांत त्या दिवशी शहरं ओस पडतात आणि माणसं शेतात जेवतात. सीमेपलीकडे कर्नाटकातही ‘एळ्ळु अमावस्या’ साजरी होते, सण दोन्हीकडचा मिळून आहे. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपी, उभी करतात, आत पाच दगडांचे पांडव मांडतात, पूजा होते आणि कोपीभोवती फिरताना जो घोष करतात तो कानडी वळणाचा असतो. म्हणणाऱ्यांनाही त्यातला शब्द न् शब्द उलगडून सांगता येतोच असं नाही. विचारून कुणाला अडचणीत आणू नये, ऐकावा. जेवणात भज्जी, आंबील, उंडे. भज्जी हा तळलेला पदार्थ नव्हे. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे, पावट्याचे ओले दाणे आणि भाज्या बेसन लावून शिजवलेली ती घट्ट भाजी. मुंबईचा पाहुणा ‘भजी’ ऐकून कुरकुरीत काहीतरी येईल म्हणून वाट बघत बसतो. आंबील ज्वारीचं पीठ ताकात शिजवून केलेली, मडक्यात गार ठेवलेली. वाटसरूलाही बोलावून जेवू घालतात, नको म्हणणं वाईट दिसतं.

पाचवा दिवस : नांदेड

अहमदपूर, लोहा करत नांदेड. नांदेड-परभणीच्या बाजूला ‘ऊलालो’ मागे पडून ‘करायलो’, ‘जायलो’, ‘काय करायलास?’ सुरू होतं. कोल्हापूरच्या ‘करालोय’शी याचं नातं कानाला लगेच जाणवतं, मधला लातूरचा पट्टाच वेगळा पडतो.

हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि ते अजून शब्दांत सापडतं. ठेकेदाराला गुत्तेदार, ठेक्याने घेतलेल्या कामाला गुत्तं, हातरुमालाला दस्ती. शेतकऱ्यासाठी कास्तकार, हा शब्द विदर्भापर्यंत सोबत येतो. शेतात गुरांसाठी, मुक्कामासाठी बांधलेल्या जागेला आखाडा म्हणतात. कोल्हापूरहून आलेल्याला आखाडा म्हटलं की कुस्ती आठवते, आणि ‘बाबा आखाड्यावर झोपलेत’ हे वाक्य त्याला भलतंच वाटतं. मालवणचा मांगर आणि इथला आखाडा, काम बरंचसं एकच. देगलूर-बिलोलीकडे तेलुगूचा शेजार आहे, वेळ असेल तर तिकडच्या बाजाराला जाऊन यावं. या टप्प्यावर फार रेंगाळायचं कारण नाही, कारण उद्याचा दिवस भरलेला आहे.

सहावा दिवस : पैनगंगा ओलांडून यवतमाळ

नांदेडहून अर्धापूर, वारंगा फाटा करत उमरखेडला जाताना पैनगंगा लागते. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. नदीवर बोली तुटत नाही. उमरखेडच्या बाजारात अलीकडचं ‘करायलो’ही ऐकू येतं, कारण दोन्ही काठांची सोयरीक चालते. आर्णीच्या पुढे मात्र शंका उरत नाही. ‘कुठी जाऊन रायले भाऊ?’ ‘काऊन?’ ‘मले काय माहीत?’ ‘माह्या घरी’, ‘तुह्या वावरात’. मला-तुला गेलं, मले-तुले आलं.

‘जाऊन रायलो’ हे हिंदीवरून घेतलेलं आहे असं पुण्या-मुंबईचे लोक ठासून सांगतात. हिंदी मुलखाचा शेजार आहे, नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, हेही खरं. पण वऱ्हाडी म्हणजे बिघडलेली मराठी अधिक थोडी हिंदी असं समजून ऐकायला बसलं की कान बंद होतात. ‘काऊन’ हिंदीत कुठे आहे? या सुरात विचारलेला प्रश्न समोरच्याला कळतो, आणि तो मग हिंदीतच उत्तर देतो.

‘ळ’ची गंमत इथे सुरू होते. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो: डोळा डोया, काळा काया, सकाळ सकाय, पोळी पोयी. ‘ण’चा ‘न’ होतो: पानी, कोन. नोंद करताना हात आपोआप ‘डोळा’ लिहितो, कारण मेंदू दुरुस्ती करून ऐकतो. त्यावर उपाय एकच. परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावं आणि रात्री पुन्हा ऐकून लिहावं. परवानगी मागितल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं बोलणं ताठर असतं. ती जाऊ द्यावीत, पाऊसपाणी, कापसाचा भाव असं काहीतरी विचारावं. भावाच्या विषयावर यवतमाळ जिल्ह्यात कुणीही प्रमाण भाषेत बोलत नाही.

शेत म्हणजे वावर, बांध म्हणजे धुरा. कापसाचं झाड म्हणजे पऱ्हाटी. वेचणी संपल्यावर उरणाऱ्या काटक्याही पऱ्हाटीच आणि त्या चुलीला जातात. पाणी देऊन कापूस पुढे लांबवला तर तो फरदड. कुळवाच्या जागी वखर, कोळप्याच्या जागी डवरा, खुरपणीच्या जागी निंदण. म्हणजे बेणणी, भांगलण, खुरपणी, निंदण: तण तेच, वाकणाऱ्या बायका त्याच, शब्द चार. बैलगाडीला बंडी. पश्चिमेकडचा म्हातारा बंडी अंगात घालतो आणि इथला तिच्यात बसून वावरात जातो.

स्वयंपाकघरात सर्वांत जास्त फसगत होते. ‘सांबार टाकू का?’ म्हणजे कोथिंबीर घालू का, इडलीबरोबरचं सांबार नव्हे. भेदरं म्हणजे टोमॅटो. बटाटे म्हणजे आलू. भुईमुगाच्या दाण्यांना फल्ली, तेलाला फल्ली तेल. ‘शेंगा’ म्हटलं की सोलापुरात भुईमुगाच्या समजतात; इथे जानेवारीत तुरीच्या उकडलेल्या शेंगा पुढ्यात येण्याचा संभव जास्त. आणि पातेलं म्हणजे गंज. मराठवाड्यात गंज किंवा गंजी म्हणजे कडब्याची, गवताची रास, इथे त्यात वरण शिजतं.

मुलगा पोट्टा, मुलगी पोट्टी, आणि घरातला म्हातारा बाप बुढा. ‘माह्या बुढा’ यात अनादर नाही, पण पाहुण्याने ‘तुमचा बुढा कुठे आहे?’ असं विचारू नये. आदरासाठी ‘जी’ आहे: ‘हो जी’, ‘काय जी’. तो बिनधास्त वापरावा.

सातवा दिवस : नागपूर, साकोली, वडसा

सर्वांत लांबचा दिवस, म्हणून यवतमाळहून पहाटेची गाडी. नागपूर शहरात थांबू नये. तिथली बोली मजेदार आहे, पण तिच्यात सगळ्या जिल्ह्यांची सरमिसळ आहे आणि एका दुपारात काही हाती लागत नाही. थेट भंडारा, लाखनी, साकोली गाठावं.

वैनगंगेच्या या खोऱ्यात पुन्हा भात लागतं आणि त्याचबरोबर भाताचे शब्द, मात्र कोकणचे नव्हेत. पिकाला इथे धान म्हणतात. रोपं म्हणजे पऱ्हे, लावणी म्हणजे रोवणी, बांध घातलेला शेताचा तुकडा म्हणजे बांधी. कापून रचलेली रास म्हणजे पुंजणं. कोकणात तिला उडवी म्हणतात. लहान तळं म्हणजे बोडी, गावोगावच्या मोठ्या माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या) तलावांची धाकटी भावंडं. मोबाइलमधला रोपं उपटणाऱ्या बाईचा फोटो इथे दाखवावा. त्याच फोटोला मालवणात तरवो आणि साकोलीत पऱ्हे असं उत्तर मिळतं, मधल्या ज्वारी-कापसाच्या पट्ट्यात लोक नुसतं ‘रोपं’ म्हणून मोकळे होतात.

‘ळ’ इथे तिसरं रूप घेतो. झाडीबोलीत त्याचा ‘र’ होतो: डोळा डोरा, काळा कारा, जवळ जवर. काल यवतमाळात डोया होता. इंग्रज अधिकारी ग्रिअर्सन याने केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा 1905 सालचा सातवा खंड मराठीला वाहिलेला आहे आणि त्यात बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट बोलीबोलीतून दिली आहे. सर्वनामं आणि क्रियापदं ताडून बघायला ती फार सोयीची, पण त्या गोष्टीत ना आगटी आहे, ना आदण, ना रोवणी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने अलीकडे केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचं साहित्य आंतरजालावर आहे. निघण्याआधी ते चाळलं तर कान तयार होतात. कामाचे शब्द मात्र कामाच्या जागीच गोळा करावे लागतात.

साकोलीहून संध्याकाळपर्यंत वडसा, म्हणजे देसाईगंज. झाडीपट्टी नाटकमंडळ्यांच्या कचेऱ्या इथे ओळीने आहेत. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, आणि आज कोणत्या गावात कोणता प्रयोग आहे हे त्या कचेऱ्यांत लगेच कळतं. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात, म्हणून घोंगडी, टोपी आणि परतीच्या वाहनाची सोय आधी करावी. रात्री एसटी नसते. जागा मांडवाच्या मधोमध नको. कडेला, गावातल्या बायका-पोरं बसतात तिथे बसावं. रंगमंचावर लिहिलेले संवाद असतात, झाडीबोली ऐकायची ती मध्यंतरात चहाच्या टपरीवर आणि प्रेक्षकांनी नटाला मारलेल्या हाकांत. दंडार किंवा खडी गंमत ही इथली लोकनाट्यं होणार असतील तर नाटक सोडून तिकडे जावं, तिथे बोली जास्त मोकळी असते.

वडशाला रेल्वे स्थानक आहे, गोंदिया–बल्लारशा मार्गावर. सकाळची गाडी धरून गोंदियाला पोचलं की मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात. त्या वाटेत जळगाव लागतं, आणि तिथे उतरून खानदेशची अहिराणीही उरकावी असा मोह होतो. तो टाळावा. अहिराणीत ‘मना, तुना’ आहे, ‘काय शे?’ आहे, मुलगा आंडोर आणि मुलगी अंडेर आहे. सर्वनामापासून क्रियापदापर्यंत सगळं नव्याने लावून घ्यावं लागतं. तिच्यासाठी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, वैशाखात, धुळे-अमळनेरकडे वेगळं जावं.